दिवेलागणीचा भोंगा

मंगळवार, श्रीरामपूर

आज दिवेलागणीला भोंगा वाजला आणि माझं सगळंच बदललं.

अलार्म मीच बसवलाय. घरात कुणी हललं की भिंतीवरचा लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो. मी अंगणात, आई पुणतांब्याला, घर रिकामं. लक्ष्मी यावी म्हणून दार तेवढं उघडं.

आईला फोन केला. ‘‘लक्ष्मीच आली आसंल. तिच्यावर बी भोंगा वाजवतो व्हय रं, येड्या?’’

पण या वेळेला माझी मैत्रीण वैशू यायची. गेल्या महिन्यात मीच ओरडलो तिच्यावर, ‘‘परत पाय ठेवू नको इथं!’’ कालपासून तिचा फोन बंद. का?

आत जाऊन भोंगा बंद केला. मी जागचा हललो नाही, तरी लाल दिवा पुन्हा लागला. ती बसायची त्या खुर्चीसमोर.

तिच्या घरी बघून यावं म्हटलं. या वेळेला दार लावू नये म्हणतात. ‘‘बस वैशू, आलोच,’’ म्हणालो, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. आत आलेली जाऊ नये म्हणून.