फर्नेसच्या टेपवरचा बेस

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी इतिहास लिहायला बसलं तर तारखांचे घोळ नकोत.

दुपारी चिकपेटच्या माझ्या साड्यांच्या दुकानात फोन आला. अश्लेषा नावाची मुलगी. इंदिरानगरला तिची छोटी रेकॉर्ड कंपनी आहे. जुन्या, विसरलेल्या बँडची गाणी शोधते आणि त्यांच्या मोठ्या काळ्या तबकड्या काढते. विचारलं, फर्नेस बँडचे रघुनंदन तुम्हीच का? समोर गिऱ्हाईक इरकल उलगडून बसलं होतं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, हो, फर्नेस म्हणजे मीच. (आम्ही तिघं होतो. पण फोनवर सगळंच कुठे सांगत बसणार.)

ती म्हणाली, २००३ साली बोम्मसंद्र्याच्या शेडमध्ये आम्ही रेकॉर्ड केलेली कॅसेट कुणीतरी इंटरनेटवर टाकली आहे आणि हेवी रॉक ऐकणारी पोरं तिच्या साउंडवर फिदा आहेत. विशेषतः खालच्या त्या आवाजावर. पोलंडच्या एकानं लिहिलंय म्हणे, ‘जमिनीखालून कुणी दार ठोठावतंय असा बेस.’

बेस मी वाजवायचो.

हेमावतीला सांगितलं. ती म्हणाली, “सरी, बरं झालं, पण दळण?” कलावंताच्या बायकोला पहिल्या दिवशी कळत नाही. स्वल्प वेळ द्यावा लागतो.

संकल्प: रोज एक तास रियाज.

८ जानेवारी
बेस गिटार माळ्यावरून काढली. तारा गंजलेल्या. गंजलेल्या तारांवर रियाज केला तर हात बिघडतो. रियाज तारा आल्यावर.

१२ जानेवारी, रविवार
चामराजपेटला दोशाच्या हॉटेलात तिघं भेटलो. मी, ड्रमवाला प्रदीपकुमार आणि नागराज, जो गिटार वाजवून गायचा. तोंडातून भट्टी पेटल्यासारखा आवाज काढायचा पठ्ठ्या. मूळचा निपाणीचा. आता पीन्याला एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो.

मी पोलंडचं वाक्य दोनदा वाचून दाखवलं. प्रदीपकुमार म्हणाला, भारी. नागराज चटणीत चमचा फिरवत राहिला. मला वाटलं, जळला. मग त्यानं मफलर सोडला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “गळ्यात गाठ हाय बे, रघू. एकोणतीसला ऑपरेशन. डॉक्टर म्हंतोय बोलशील, पण गाणं विसर.”

दोसा तसाच राहिला. तिघांचाही.

मग तोच म्हणाला, त्याआधी एकदाच गायचंय. एकच गाणं, नीट. पोरीनं, नयनानं, त्याला फक्त ओरडताना ऐकलंय, गाताना कधीच नाही. मी लगेच अश्लेषाला फोन लावला. ती म्हणाली, जरूर, तबकडीच्या दुसऱ्या बाजूला नवं गाणं टाकू.

नागराजसाठी हे सगळं मी करतोय. एवढंच की नव्या गाण्यात बेस जुन्या टेपसारखाच आला पाहिजे. नाहीतर पोलंडचे लोक काय म्हणतील?

१९ जानेवारी
तारा आल्या. बसवताना चारातली एक तुटली. आता तीन तारांवर. खरा माणूस तीन तारांतही दिसतो.

डॉक्टरांनी नागराजला बजावलंय: आवाज जपा, कमीत कमी बोला. तो आता फोनवर टाइप करून बोलतो. मी त्याला रोज संध्याकाळी फोन करतो, मॉरल सपोर्ट म्हणून. तो काही बोलत नाही, त्यामुळे मला माझी बेसविषयीची थिअरी नीट मांडता येते.

२५ जानेवारी, शनिवार, सकाळी १०
कोरमंगलाचा स्टुडिओ. आजचा दिवस मिळालाय. साउंड सांभाळणारी सोनम. हुशार, पण वयानं लहान. माझा प्लॅन: बारापर्यंत बेस, मग नागराज ताज्या गळ्यानं गाईल. दोनला जेवण.

तीच तारीख, दुपारी ४
बेस जमत नाहीये. सोनमनं सगळे अँप्लिफायर लावून पाहिले. मी दुकानातून कापडाचे गठ्ठे मागवून भिंतीला लावले, कारण शेडमध्ये प्रदीपकुमारच्या वडिलांच्या मालाचे गठ्ठे असायचे. आवाज आणखीच बसला. नागराज सोफ्यावर गरम पाणी पीत बसलाय. मधेच टाइप करून दाखवलं: ‘मी गाऊ काय आता?’ मी म्हणालो, पाचच मिनिटं.

सोनमनं एक विचित्र गोष्ट काढली. जुन्या टेपवर गाणं संपतं, गिटार थांबते, ड्रम थांबतात, पण खालचा तो आवाज पुढेही तीन-चारदा येतो. असं का? मी शांतपणे सांगितलं, “त्याला सस्टेन म्हणतात. माझ्या बोटांत होतं.” ती माझ्या बोटांकडे पाहत राहिली.

संध्याकाळी ७
वेळ संपली. नागराजचं गाणं राहिलं. सोनम म्हणाली, अजून अर्धा तास देते, नुसता त्यांचा आवाज घेऊ, बेस नंतर बघू. मीच नको म्हणालो. पाया नसताना कळस बसवायचा नसतो. नागराजनं फोन खिशात टाकला. मफलर गुंडाळला आणि खाली जाऊन ऑटोत बसला.

प्रदीपकुमार जिन्यात म्हणाला, “रघू, परवाचा एकच दिवस उरलाय. मंगळवारी तो ॲडमिट होतो.” मला काय कळत नाही? म्हणून तर मी उपाय शोधला. आवाज जागेचा असतो! बोम्मसंद्र्याची ती शेड अजून प्रदीपकुमारकडेच आहे. सोमवारी तिथेच रेकॉर्डिंग. सोनम सामान घेऊन यायला तयार झाली. रविवारी शेड झाडून घेणं, वायर ओढणं, हे प्रदीपकुमार करेल. मी विश्रांती.

२७ जानेवारी, सोमवार
घरी आलो. जेवलो नाही. जसं घडलं तसं लिहितो.

साडेबाराला शेडमध्ये पोचलो. होसूर रोडवर माझ्यामुळे उशीर झाला, म्हणजे ट्रॅफिकमुळे. नागराज आधीच आलेला. सोबत नयना, इंजिनिअरिंगला आहे. बापाचा फ्लास्क मांडीवर धरून खोक्यावर बसली होती. मला म्हणाली, “काका, अप्पांना जास्त वेळा गायला लावू नका हं.” मी म्हणालो, एकदाच.

बेस लावला. तोच बेस, तीच शेड, तोच कोपरा. आवाज: रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा.

मी म्हणालो, एकटा बेस असाच वाटणार, तिघं एकत्र वाजलो की खुलेल. नागराज, फक्त लेव्हलसाठी, आवाज किती येतो ते बघायला, एक कडवं गा. तो गायला. अख्ख्या शेडचे पत्रे थरारले. नयना उठून उभीच राहिली. सोनमनं रेकॉर्डिंगचं बटण अजून दाबलेलं नव्हतं, कारण मीच तिला सांगितलं होतं, आधी बेस.

बेस खुलला नाही. मी म्हणालो, अजून एकदा. तो गायला. मी अँप उलटा फिरवला. अजून एकदा. प्रदीपकुमार काड्या खाली ठेवून म्हणाला, “पुरे रे, आता घे रेकॉर्डिंग.” नयनानं बापाकडे पाहिलं. नागराजनं मान हलवून मला खूण केली, लाव. तो नेहमी असाच. दुसऱ्याचं मन मोडत नाही.

मी म्हणालो, शेवटचं, लेव्हलसाठी.

तो पुन्हा गायला. शेवटच्या ओळीला गळा जरा फाटला. बेस डब्बाच.

तेवढ्यात बाहेर भोंगा झाला. आसपासच्या कारखान्यांची जेवणाची सुट्टी संपली. आणि पायाखालून आवाज आला.

धम्म.

मग पुन्हा. धम्म. एका लयीत. फ्लास्कचं झाकण जमिनीवर नाचायला लागलं. सोनमनं हेडफोन कानावर दाबला, डोळे मोठे केले आणि म्हणाली, “हाच! सर, हाच तो आवाज!”

मी बेसकडे पाहिलं. माझे दोन्ही हात खिशात होते.

प्रदीपकुमार दारात जाऊन आला. हसावं की रडावं असा चेहरा. म्हणाला, “शेजारच्या सुब्बाराव अण्णांचा प्रेस आहे रे! लोखंड ठोकायचा. तेव्हाही होता. आपल्याला सवय झालेली, म्हणून ऐकूच यायचा नाही.” मग मान खाली घालून म्हणाला, “मी ताल त्याच्यावरच धरायचो बहुतेक.”

सोनम ओरडली, घ्या, आत्ता घ्या, रेकॉर्डिंग चालू! प्रदीपकुमार धावत ड्रमवर. नागराजनं गिटार लावली, वाकून पहिला सूर मारला. अगदी तोच साउंड. त्यानं मान वर केली, तोंड उघडलं.

नुसती हवा आली.

त्यानं खाकरून पाहिलं. पाणी प्यायला. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा. प्रेस चालूच होता. नयना पुढे गेली, बापाच्या गळ्यातली गिटार काढली आणि मफलर गुंडाळला. माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना गाडीत नयना मागे बापाशेजारी बसली, फ्लास्क मांडीवर धरून.

२९ जानेवारी
ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जिवाला धोका नाही. मी वेटिंग रूममध्ये सकाळपासून होतो. नयनाला कॉफी आणून दिली. तिनं घेतली, थँक्स म्हणाली. फक्त काका म्हणाली नाही.

११ फेब्रुवारी
सगळा विचार शांतपणे केला. प्रेस होता, मान्य. पण प्रेसबरोबर वाजवणं हीसुद्धा कला आहे. शिवाय चांगला बेस ऐकू येत नाही, जाणवतो. अश्लेषाला हे मेल केलं, कव्हरवर छापायला. तिनं उत्तर दिलं, नवं गाणं नसल्यामुळे फक्त जुनीच टेप काढतेय, जशी आहे तशी. कव्हरवर सुब्बारावांचे आभार मानणार आहे. माझ्या नावाचं स्पेलिंगही विचारलंय. पूर्ण पाठवलं, आजोबांच्या नावासकट.

२३ मार्च, रविवार
सँपल तबकडी आली. नागराजच्या घरी ऐकायला जमलो. डॉक्टरांनी त्याला थोडं बोलायला परवानगी दिलीय, पण त्यानं अजून तोंड उघडलेलं नाही. नयना म्हणाली, पहिला शब्द कसा येईल याची त्याला भीती वाटते. सगळेच जपून होते.

नयनानं तबकडी लावली. धम्म सुरू झालं, मग गिटार. मी तिच्या शेजारी बसून एकेक जागा समजावत होतो. इथे नीट ऐक, हा प्रेस, पण याच्या मागे जरासा मी. आता येतो बघ मी. हा... नाही, पुढच्या वेळी.

नागराजनं हात वर केला. सगळे त्याच्याकडे वळले. त्याचा गळा हलला. नयनानं माझा दंड घट्ट पकडला. आवाज आला, सुपात खडे पाखडल्यासारखा, पण आला.

“रघू, गप बस की. मला ऐकू दे.”

नयना हसली आणि रडायला लागली. प्रदीपकुमारनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी गप्प बसलो. पंचवीस वर्षांचा नागराज त्या तबकडीवर जीव तोडून गात होता आणि हा डोळे मिटून ऐकत होता. पूर्ण बाजूभर मला बेस कुठेच सापडला नाही.

बाजू संपल्यावर त्यांनी तीच परत लावली. मला कुणी विचारलं नाही.