पात्याला अडकलेलं गवत

वाउच, १३ मे १९७९

ती. बाबांस ग्राझिनाचा सा. न. वि. वि.

काल इथल्या शिबिरात शेवटची निवडचाचणी झाली. एकटीच्या होडीत देशाकडून जागतिक स्पर्धेला एकच मुलगी जाणार. मी व्हिएस्काच्या दीड सेकंद आधी पोहोचले. यादीत माझं नाव लागलं. आईला इतक्यात सांगू नका, ती लगेच कुंपणापलीकडे शेजारणीला सांगेल.

जिंकणाऱ्याने हरणाऱ्याची होडी आधी बाहेर काढायची, ही तुम्हीच लावलेली सवय. गुडघाभर पाण्यात उतरून मी तिची होडी उलटी केली, तर तळाला सुकाणूच्या पात्याला हातभर पाणगवत गुंडाळलेलं. व्हिएस्का काठावर टॉवेलात तोंड खुपसून बसली होती. मी गवत ओढून काढलं आणि पाण्यात फेकलं. बोलले काहीच नाही.

तुम्ही जन्मभर होड्या दुरुस्त केल्यात. गवताने दीड सेकंद जातो का? आम्ही एकाच खोलीत राहतो, सकाळचा चहा तीच आणते. 

लोभ आहे तसा राहू द्यावा.

आपली ग्राझिना

क्रुश्वित्सा, १७ मे

चि. ग्राझिना हिस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आईने माझ्या खांद्यावरून वाचलं. तू जिंकल्याचं कुंपणापलीकडे पोचलंय. बाकीचं तिने पोटात ठेवलं.

गवत दीड सेकंद खातं. कधी तीन खातं. शेवटाला अडकलं तर काहीच नाही. ते आता कुणालाच कळायचं नाही.

आई म्हणते, सापडलेल्या पेन्सिलीचा मालक शोधायला अख्खी शाळा पालथी घालणारी ही, आणि आता बापाला सेकंद विचारते. पोरी, हे पत्र मला लिहायचं नव्हतंस.

खसखशीचा केक पाठवलाय. व्हिएस्कालाही दे.

तुझा बाबा

वाउच, २४ मे

ती. बाबांस सा. न.

केकचा डबा उघडायच्या आधी व्हिएस्काला गवताचं सांगितलं, मग प्रशिक्षकांना. ते पुन्हा शर्यत लावतो म्हणाले. व्हिएस्का एवढंच म्हणाली, "चहा घे, निवतोय." मग दोन दिवस मी वल्ही चारचारदा पुसत बसले.

आज सकाळी शर्यत झाली. ती दोन सेकंद पुढे होती.

मी होडीतून उतरून तशीच उभी राहिले. ती बुटांसकट पाण्यात आली, माझी होडी उलटी केली, पात्यावरून हात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मग तो हात वर करून मला दाखवला. रिकामा होता, बाबा.

केक दोघींनी तिथेच संपवला. रिकामा डबा पाठवते. कुंपणापलीकडे काय सांगायचं ते आईने ठरवावं. तुमचा लोभ मात्र कमी होऊ देऊ नका.

आपली ग्राझिना