जांभळ्या माळाकडे, अगदी निवांत

शनिवार, ७ ऑक्टोबर. सकाळी.
आज दक्षिणेकडे कूच. बायकोला जांभळ्या रानफुलांचा माळ बघायचाय. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितला होता, तेव्हापासून तोच धोशा. फुलं म्हणे गुरुवारपर्यंतच टिकतील. तिला म्हटलं, निर्धास्त राहा, रस्ता फार तर दोन दिवसांचा. संकल्प : घाई नाही, हॉर्न नाही, चिडचिड नाही. वाटेतली देशी झाडं बघत जायचं. वनस्पतींचा माझा अभ्यास तिला एकदा नीट कळायलाच हवा.

संध्याकाळी.
शहराच्या वेशीवरच मुक्काम. अपेक्षेपेक्षा झाडं जास्त निघाली. प्रत्येकाबद्दल थोडं बोललो. बायकोने डोळे मिटून ऐकलं. एकाग्रता वाखाणण्यासारखी.

रविवार, ८.
पेट्रोलपंपाच्या ऑफिसात अपूर्व झुडूप सापडलं. ऊन नाही, पाणी नाही, तरी पान न पान टवटवीत! देशी वाणाचा चिवटपणा तो हाच. पंपवाल्याला विचारलं, खत काय घालता? म्हणाला, शनिवारी ओल्या फडक्याने पुसतो. साधा माणूस, पण पद्धत शास्त्रीय. बायको गाडीला टेकून बराच वेळ हसत होती. प्रवास मानवतोय तिला.

सोमवार, ९.
रस्त्याकडेचं एक पान चोळून वास घेतला. औषधी असणार. दुपारपर्यंत नाक टोमॅटोएवढं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे खाजरं झाड इथलं शेंबडं पोरही ओळखतं. इथलं, म्हणजे देशीच की! अंदाज बरोबर ठरला. गोळ्यांनी झोप येते. मुक्काम हलला नाही.

मंगळवार, १०.
बायकोने स्टिअरिंग मागितलं. दिलं नाही. ती चालवते तेव्हा निसर्ग दिसत नाही, नुसता रस्ता दिसतो. आलो त्यातलं निम्मं परत गेलो. एका वेलीची मागची बाजू बघायची राहिली होती.

बुधवार, ११.
लॉजवर बागकाम मंडळाच्या बायकांची मिनीबस उतरलीय. बायको त्यांच्यात रमली. संध्याकाळी म्हणाली, उद्या पहाटे मी त्यांच्याबरोबर माळावर जाते, तुम्ही मागोमाग निघा. मी म्हटलं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ती म्हणाली, नवरा उतावळा असता तर बरंच झालं असतं.

गुरुवार, १२.
एकटाच. गाडीत शांतता. वाटेत बांबूसारखं काहीतरी दिसलं. शेजारच्या रिकाम्या सीटला बराच वेळ समजावून सांगितलं. मग अंधार पडला.

शुक्रवार, १३.
पोचलो. माळ तपकिरी. रखवालदार म्हणाला, काल संध्याकाळी वारा सुटला, होतं नव्हतं सगळं झडलं. मी म्हटलं, वाळक्या देठांनाही सौंदर्य असतं. तो चहा प्यायला निघून गेला.

बायको बसपाशी भेटली. फोनवर फोटो दाखवले. जांभळं, नुसतं जांभळं. सगळीकडे ती हसतेय, एका फोटोत रडतेयसुद्धा. म्हणाली, तुम्ही हवे होतात हो. मला एकदम भरून आलं. मलाही बघायचं होतं, तिच्याबरोबर. फार बघायचं होतं.

बस आता पुढे समुद्राकडे निघणार होती. तिने शेजारची सीट माझ्यासाठी धरून ठेवली होती. गाडी राहू दे इथेच, म्हणाली. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी अट एकच घातली, वाटेत झाडांबद्दल बोलायचं नाही.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

बस गेली.