टेसचा सांभाळ आणि रंगाच्या गोळ्या

१५ जून, सोमवार
लेकीचा, कॉलीनचा, क्लीव्हलँडहून फोन. हॉस्पिटलात तिची ड्यूटी वाढली, म्हणून टेस आठवडाभर माझ्याकडे. आठवडा नीट गेला तर अख्खी सुट्टी. नाहीतर बारा वर्षांची माझी नात परक्या मुलींबरोबर कुठल्याशा कॅम्पला. “आई, तू फार घाबरतेस गं. तुझं बघून तीही घाबरते,” म्हणाली. मी? नवरा, फ्रँक, गेल्यापासून पाच वर्षं या घरात एकटी राहते आहे. जिन्यातला दिवा रात्रभर चालू असतो, पण तो गुडघ्यांसाठी.

१७ जून, बुधवार
शनिवारी आमच्या चर्चच्या मुलांची पेंटबॉलची, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळाची सहल. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, तेही खेळायलाच. टेसने माझं नाव देऊन टाकलं. रात्री झोप नाही. उकाडा फार आहे.
नियमांचा कागद आला. चौदा नियम. शाळेत सिस्टर ऑगस्टिनने शिकवलेल्या वळणदार अक्षरात दोनदा उतरवून काढले. मैदानात मास्क काढायचा नाही, हा सर्वांत मोठा. गोळी रंगाची असली तरी डोळा जाऊ शकतो. टेसला तीन वेळा म्हणायला लावलं. “आजी, पाठ झालं गं!” मुलांना नियम सांगावे लागतात.

२० जून, शनिवार, सकाळी ६.१०
न्याहारी तशीच टाकली. कालच्या माशांना वास येत असावा.
फ्रँकचं शिकारीचं जाकीट घातलं, आत दोन स्वेटर. खिशात त्याच्या खोकल्याच्या गोळीचा कागद सापडला. तो असता तर हसला असता. असता तर मी निघालेच नसते.

सकाळी ११.२०, जाळीबाहेरच्या बाकावर
पहिला डाव संपला. मी आडोशाच्या एका पिंपामागे मोक्याची जागा धरून होते. जाकिटात घाम, मास्कच्या काचेवर वाफ, समोर सगळं पांढरं. काच पुसू का, विचारायला शाळेतल्यासारखा हात वर केला. इथे हात वर केला म्हणजे गोळी लागली. पंच ड्वेन ओरडला, “आजीबाई आउट!” एकही गोळी न लागता मी बाहेर. सगळ्यांत सुरक्षित मीच खेळले म्हणायचं.
पुढच्या डावात टेसच्या पुढे उभी राहणार. ठरलं.

दुपारी २
थोडक्यात लिहिते.
पुन्हा वाफ. गोळ्या पिंपावर फटाफट फुटत होत्या. टेस दिसेना. काही दिसेना. हात वर करायचा नाही, हे लक्षात होतं. मास्क काढला. क्षणभरच, पुसायला.
“आजी, मास्क!” टेस झाडामागून धावत आली, माझं डोकं छातीशी दाबून मला खाली पाडलं. तिच्या पाठीवर गोळ्या बसताना मला ऐकू येत होत्या. मग शिट्टी. ड्वेनने खेळ थांबवला. “बाई, दोन्ही डोळे गेले असते!” टेस त्याला म्हणाली, “काका, तिला ओरडू नका. ती घाबरलीये.”
मी घाबरले नव्हते. दिसत नव्हतं.

रात्री ९
टेसच्या पाठीवर सहा जांभळे डाग. बर्फ लावला. ती हूं की चूं करत नव्हती. रडू मलाच आलं. “आजी, मला दुखत नाहीये गं,” म्हणत तिनेच माझे डोळे पुसले.
कॉलीन उद्या येते. योग्य वेळी सांगेन. ऑगस्टमध्ये वगैरे.

२१ जून, रविवार
टेसने दारातच शर्ट वर करून दाखवला, मेडल दाखवावं तसा. सगळं सांगितलं.
कॉलीनने डाग एकेक करून मोजले. मी टेसची बॅग भरायला उठले. दोन मोजे घडी करताना चार वेळा सुटले.
तेवढ्यात कॉलीन म्हणाली, “राहू दे सुट्टीभर.”
मला ठाऊकच होतं. आठवडा एकूण नीटच गेला होता. म्हटलं, काळजी करू नकोस, माझं बारीक लक्ष असेल.
कॉलीनने पर्समधून कागद काढला. डॉक्टर, शेजारी, अग्निशमन, सगळ्यांचे नंबर लिहिले आणि कागद टेसच्या हातात दिला. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “आई, काही वाटलं तर हिला हाक मार हं.”