अ‍ॅम्प्लिफायर आणि डावी सीट

सदाशिव पेठ, पुणे
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. अभय,

अनेक आशीर्वाद. गुडघा आता जिना चढू देतो का? सौ. वल्लरीचा खोकला थांबला असेल अशी आशा. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार होतो, पण माझ्या लांब मजकुराखाली तू न वाचताच अंगठा टाकतोस, म्हणून कागद घेतला.

तुझ्या ताईने साठाव्या वर्षी गाडीचं लायसन्स काढलं, हे तुला ठाऊक आहेच. चालवते फार छान. मी डाव्या सीटवर बसून फक्त मार्गदर्शन करतो (गिअर, आरसे, ब्रेक, पुढच्या रिक्षावाल्याचा स्वभाव, एवढंच). ते तिला सोसत नाही, म्हणून ती गाणी मोठ्याने लावते. त्यासाठी आमच्या वरदने बंगळुरूला जाण्यापूर्वी सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवून दिला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो खरखरला, प्रत्येक खड्ड्याला बंद-चालू होऊ लागला (म्हणजे दर दहा सेकंदांनी) आणि शेवटी गप्प झाला. पद्मजाने जाहीर केलं, "रविवारी मी मैत्रिणीकडे लोणी काळभोरला जाणार. हायवेवर पहिल्यांदाच चालवतेय. गाणी नसतील तर तुम्हीही नको."

आता सांग, तिची हायवेवरची पहिली फेरी आणि मी घरी बसू? तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस एका डब्यापुढे हात टेकणार नव्हता. फ्यूज पाहिला, ठणठणीत. स्पीकरांना भिंतीवरच्या घड्याळातला सेल लावून पाहिला, चौघांनीही 'थप्' म्हणून हजेरी दिली. मग डब्याच्या वायरी सोडवल्या. त्या आधी कुठे होत्या यावर माझा माझ्याशीच वाद झाला आणि शनिवारी सकाळी दोन वायरी शिल्लक उरल्या. त्यामुळे (केवळ दुसरं मत घ्यावं म्हणून) आम्ही स्वारगेटजवळ सुदर्शन नावाच्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. हा गृहस्थ यवतमाळकडचा, कामात वाघ. त्याने उरलेल्या वायरी आपापल्या घरी पोचवल्या, तरी डबा गप्पच. मग मीटर लावला आणि जिथे अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला आवळलेली असते, तो बोल्ट काढला. वायर आणि पत्रा यांच्यामध्ये हळदकुंकवाचा वाळलेला थर, त्यात दोन अक्षता! "हे कोनं केलं जी?" त्याने विचारलं. मी पद्मजाकडे पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडे पाहत होती.

कारण दसऱ्याला यंत्रांची पूजा आमच्याकडे मीच करतो, आणि ती वरवरची करत नाही. यंदा एकेक नटबोल्ट काढून, घासून, हळदकुंकू वाहून पुन्हा बसवला होता. (जोडणी स्वच्छ हवी, हे मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल!) सुदर्शनने पॉलिश पेपरने पत्रा घासला, बोल्ट आवळला, आणि गाणं असं सुरू झालं की शेजारचा चहावाला ठेका धरू लागला. पुढच्या वर्षी फक्त फूल वाहा, एवढंच तो म्हणाला.

रविवारी गेलो. हडपसर सुटल्यावर तिने उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलं, वर गाण्यात स्वतःचा सूरही लावला. मी बत्तीस सूचना दिल्या, एकही तिच्या कानापर्यंत गेली नाही. पण खरं सांगतो अभय, तिला तसं गाताना पाहून मला इतका आनंद झाला की तेहेतिसावी मी विसरलो.

तुझा,
अनंतभाऊजी

ता. क. : भाऊबीजेला ती स्वतः गाडी चालवत कोल्हापूरला येणार म्हणते. आमंत्रण तिला एकटीला आहे, असा तिचा दावा आहे. तरी फोन करून 'दोघांनीही या' असं स्पष्ट सांग. पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

ता. क. दुसरा (पाकीट मी चिकटवतेय, त्यांनी हे वाचलेलं नाही) : अभय, बत्तीस नाही, चौतीस. मला सगळं ऐकू येतं. गाणी चालू असली की उत्तर द्यावं लागत नाही, इतकंच. ट्रॅक्टरच्या वेळी ते "आता घे" म्हणाले, तेव्हाच मी घेतलं. दोघं येतोय. त्यांना सांगू नकोस.
— ताई