बाहेरचा माइक

२ फेब्रु., रविवार
पोरीचं लग्न उरकलं. आता गाडीकडे बघायला मोकळा. गाडीबरोबर आलेला रेडिओ म्हणजे भिकार डबा, फोन लागतच नाही त्याला. शिरूरमधली दोन दुकानं पालथी घातली. एक म्हणे, मोठा टच घ्या, यूट्यूबपण चालतं. मला सिनेमा बघायचा नाही, गाडी चालवायची आहे. बोट टेकवल्यावर स्क्रीन म्हशीसारखा सावकाश हलला. रिजेक्ट. कंपनीत आयुष्य माल तपासण्यात गेलं, हलका माल मला लगेच कळतो.
सौ. म्हणाली, "हाय त्योच बरा हाय की." म्हटलं, तू भाकरीकडे बघ. भाकरी करपलेलीच होती.

५ फेब्रु.
लाइनवर दिवसभर हेच डोक्यात. आता पक्कं. फोनचा नकाशा, गाणी, सगळं गाडीच्या स्क्रीनवर, तेही वायर न लावता. मूळ वायरिंग कापायचं नाही, नुसता जोड खोचून, कपलरवर बसला पाहिजे. आणि माइक वेगळा, बाहेरचा, समोरच्या काचेशेजारच्या खांबाला चिकटवायचा. आतल्या माइकवर बोललं की समोरच्याला माणूस विहिरीतून ओरडतोय असं वाटतं.
सौ. दोन दिवस नवनाथकडे जाऊ का विचारत होती. तिचा धाकटा भाऊ, दौंडला मोटरी भरायचं, वाइंडिंगचं दुकान. म्हटलं, लग्नात भेटलीस की. एकदा हो म्हटलं की सवय लागते.

९ फेब्रु., रविवार
दौंडला एक दुकान चांगलं आहे म्हणून गेलो. सौ. साडी बदलून दारात उभी. म्हटलं, येताना मागच्या सीटवर खोकी असणार, जागा नाही. (खोकं चपलांच्या खोक्याएवढं होतं.) फोन मात्र तिचा नेला. माझा जुना, बिनवायरचा चालत नाही. तिचा पोरीने पहिल्या पगारातून घेऊन दिलेला, भारीतला. कशाला हवा होता तिला?
दुकानदार समजूतदार निघाला. "काका, ह्यो घ्या, डोळे झाकून." डोळे उघडे ठेवून घेतला. सात इंची, बाहेरचा माइक, कपलर. स्क्रीनवर तिच्या फोनचं नाव, 'वंदना' आलं. "नाव बदलू का?" म्हटलं, राहू दे. येताना न्हावऱ्यापर्यंत अभंग लावले. टाळ न् टाळ वेगळा.

१२ फेब्रु.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.
घरी आल्यावर अंगणात गाडीत बसून आवाज जुळवत होतो. सौ.चा फोन ओसरीच्या खिडकीत, चार्जिंगला. रेंज तिथेच येते. मी घरात असलो की तो सायलेंटवर, मला कर्कश वाजलेलं चालत नाही. सौ. मागे धुणं धूत होती. स्क्रीनवर 'नवनाथ' आलं. माइकची परीक्षा होईल म्हणून हिरवं बटण दाबलं. मी बोलायच्या आत तोच सुरू.
"ताई, त्यो घरातच असंल. नेहमीसारखं बोलू नगंस, नुसतं ऐक."
नेहमीसारखं!
"पोरीचं झालं. आता कुणासाठी ऱ्हातीस तिथं? वरची खोली मोकळी केलीय. काय ते ठरवतो आन् परत फोन करतो."
मागे त्याच्या दुकानात मोटर घुमत होती, तीसुद्धा ऐकू आली. इतका स्वच्छ आवाज. आत जाऊन तिच्या फोनमधून तो कॉल पुसला. फोन मी तसाही रोज तपासतो. तिने कुणाला लावलेला दिसला की विचारतो, म्हणून ती स्वतःहून लावतच नाही.
जेवताना म्हणाली, "नवनाथचा फोन आलता का?"
म्हटलं, तुला कोण फोन करतंय?

१५ फेब्रु.
आलटून पालटून येणारी सेकंड शिफ्ट सोडून कायमची फर्स्ट मागून घेतली. साहेब म्हणाले, घरी काही अडचण? म्हटलं, बायकोची काळजी. सौ.ला सांगितलं तर चेहरा पडला. संध्याकाळी घरी असणारा नवरा लोक नवसाने मागतात.

१८ फेब्रु.
आला फोन. मी गाडीतच.
"गुरुवारी त्यो कंपनीत गेला की निघ. न्हावऱ्याच्या स्टँडवर पिकअप घिऊन थांबतो. कागदपत्रं तेवढी घे, कापडं ऱ्हाऊ दी. ऐकतीयेस ना?" थोडं थांबला. "ऐकतीयेस. ठिवतो."
मी काही करायची गरजच नाही. निरोप तिला मिळालाच नाही, तर ती जाणार कुठे? कॉल पुसला.

२० फेब्रु., गुरुवार
रजा टाकली. कंपनीत जातो सांगून न्हावऱ्याला गेलो. स्टँडसमोर रसवंती, तिच्या आडोशाला गाडी लावली. एसी, बारीक आवाजात गाणी. नवनाथ पिकअपला टेकून उभा. शिरूरची प्रत्येक एस.टी. आली की टाचा उंच करून बघायचा. पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, एक प्याला, एक तशीच धरून होता. मी उसाचा रस घेतला, आलं-लिंबू घालून. दुपार कलली तसा गेला बिचारा.
घरी सौ. शेंगदाणे भाजत होती. चार उचलून तोंडात टाकले. छान भाजले होते, तसं सांगितलंही.

२३ फेब्रु., रविवार
नवनाथ तापलेला.
"यायचंच नव्हतं तर तसं सांगायचं. उन्हात येड्यावानी उभा ऱ्हायलो. माझी बायकू म्हंती, तुमच्या ताईला मार खायची सवय झालीय. आता तू फोन केल्याबिगर मी करायचा न्हाई."
मार म्हणे. हात उगारतो कधीमधी, कोण उगारत नाही? लोकांना राईचा पर्वत करायची हौस.
आता तो तिच्यावर चिडलेला, ती त्याची वाट बघतेय. दोघांच्या मधे मी, काच वर करून. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

२ मार्च
सौ. जेवत नाही नीट. येताजाता खिडकीतला फोन उचलते, बघते, ठेवते. म्हटलं, कुणाचं काय मेलंय?
"नवनाथनं लई दिस झालं इचारलं न्हाई."
म्हटलं, त्यालाही संसार आहे. बहीण किती दिवस पुरणार? मागे जाऊन रडली. मी गाडीत जाऊन बेस वाढवला.

९ मार्च, रविवार
पोरीच्या सासरी पाटसला सत्यनारायण. जाणं भाग. नवनाथही आलेला, पण बहिणीकडे बघेना. मनातून हसलो.
जेवणं झाल्यावर जावईबापू म्हणाले, सिस्टीम दाखवा. दाखवली. मला राहवलं नाही. म्हटलं, रेंज बघा कशी, फोन घरात असला तरी अंगणात गाडीत बोलता येतं.
"मग आईंचे फोनबी हितंच येत असतील की," जावई हसून म्हणाले. पोर मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती हसली नाही. तांब्या तसाच घेऊन मांडवाकडे गेली.
मांडवाच्या कडेला तिघं. सौ., नवनाथ, पोर. नवनाथ हातवारे करत होता, सौ. मान हलवत होती, नाही, नाही. मग पोर काहीतरी म्हणाली. सौ.ने वळून बघितलं. माझ्याकडे नाही, गाडीकडे.
येताना शेजारी बसली होती. न्हावऱ्याच्या स्टँडपाशी आल्यावर म्हणाली, "दुपारचं ऊन लई लागत असंल न्हाई हितं?"
मी गाणं मोठं केलं.

१३ मार्च, होळी
कंपनीतून आलो. दाराला नुसती कडी. चुलीवर कटाची आमटी, पोळ्या फडक्याखाली झाकलेल्या. वाटलं, होळीला नैवेद्य घेऊन गेली असेल. तिचा फोन खिडकीत, चार्जिंगला. म्हणजे लांब गेली नाही. गाडीत जाऊन बसलो, सवयीने.
'नवनाथ' आलं. दाबलं.
"बसलात का गाडीत?"
सौ.चा आवाज. मागे मोटर घुमत होती.
"मला म्हाईत हाय तुम्ही ऐकताय. पोळ्या झाकून ठिवल्यात, दूध तापवलंय. फोन तुमच्या गाडीला जोडलेला, म्हणून ठिवून आले. आता बोला की."
मी तोंड उघडलं. शिव्या द्यायला शिव्या आठवेनात.
"माइक हाय ना त्याला? चांगला निवडून घेतलावता. बोला."
बाहेर होळीभोवती पोरं बोंबा मारत होती. तेवढ्या तिला ऐकू गेल्या असतील.
"बरं. एवढी वर्सं मी बी अशीच गप बसले," म्हणाली आणि ठेवला.
पोळ्या खाल्ल्या नाहीत. खाल्ल्या. दोन.

१६ मार्च, रविवार
तीन संध्याकाळी गाडीत बसलो. स्क्रीन गप्प. पोरीला लावला, उचलत नाही. सौ.चा फोन मीच चार्ज करतोय.
आज तो बरोबर घेऊन दौंडला त्या दुकानात गेलो. म्हटलं, माइकमधे फॉल्ट आहे, माझा आवाज पलीकडे जात नाही. दुकानदाराने स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. "बोला काका, कायबी बोला." मी हॅलो म्हटलं. "खणखणीत येतोय की आवाज!"
नवनाथचं दुकान तिथून दोन गल्ल्या. गाडी समोर नाही लावली, अलीकडे थांबवली. वरच्या खोलीची खिडकी उघडी, दोरीवर हिरवी साडी. दारात साडी बदलून उभी होती त्या दिवशीची.
स्क्रीनवर नवनाथचं नाव काढून दाबलं. बराच वेळ रिंग गेली. मग कुणीतरी उचलला.
मोटरीचा आवाज येत होता. त्याच्यामागे कुणीतरी खोकलं. तिकडून कुणी बोललं नाही, फोनही ठेवला नाही.
मी माइककडे बघत बसलो होतो.