एका रेघेनं खोडलेलं नाव

आप्पा, आज सकाळी मी पोरीचं नाव काढलं. असं एकदम म्हटलं की भलतंच वाटेल, म्हणून नीट सांगतो. घरातून नाही, कराच्या कागदातून काढलं. घरातल्या सगळ्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता मी खिशातून भरतो आणि त्यावर आयकरात सूट मिळते. ती सूट बायकोसाठी आहे आणि मुलांसाठीही आहे, पण मुलांच्या आधी एक शब्द आहे, ‘अवलंबित’. चिखलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा कर भरून देणारा म्हणाला, “राहू द्या हो भाऊ तिचं नाव, कोण बघतंय?” मी तो नियम तीनदा वाचला. दहावीनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण कारखान्यात पार्टचं ड्रॉइंग जसं वाचायला शिकलो, तसाच कायदाही वाचतो, एकेक शब्द बोटाखाली धरून. वयाची अट कुठेही नाही. पोर बावीसची असो नाहीतर तिशीची, प्रश्न एवढाच की ती आईबापावर अवलंबून आहे का.

आणि तो प्रश्न वाचला की मी पिंपरीत तुमच्या कंपनीच्या खिडकीसमोर उभा असतो. मी एकोणीस वर्षांचा आहे. एका वर्कशॉपात पत्रा कापायच्या प्रेसवर लागून सहा महिने झालेत, पगार हातात येतोय, मिसरूड फुटलंय आणि अक्कल नको तितकी आलीय. कपाटात तुमचं कंपनीच्या दवाखान्याचं कार्ड सापडलं. त्यावर आईच्या खाली माझं नाव आणि पुढे तुमच्या रेखीव अक्षरात ‘अवलंबित’. मी पेटलोच. म्हणालो, “मी कमावतो. मी कुणावर अवलंबून नाही. ही खोटी नोंद आहे. तुम्ही इन्स्पेक्शनला असून खोटी नोंद ठेवता?” तुम्ही चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालात, “कमावतोस, पन जेवतोस कुटं?” मग आवाज उतरवून म्हणालात, “प्रेसवर हायेस. उद्या बोटं गेली तर कुटं न्यायचं तुला?” ते दुसरं वाक्य त्या दिवशी माझ्या कानात शिरलंच नाही. पहिलंच टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बरोबर नेलंत. खिडकीतला क्लार्क हसत म्हणाला, “काय राव, पोराला बेदखल करताय काय?” तुम्ही हसला नाहीत. खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढलीत, फॉर्म सरळ केलात आणि माझ्या नावावर एकच रेघ मारलीत. नोंद चुकली तर गिरवायचं नाही, खरवडायचं नाही. एका रेघेनं खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. ही तुमची शिकवण. आज चाकणच्या कंपनीत माल तपासायला माझ्या हाताखाली अकरा जण आहेत, त्या सगळ्यांना मी हेच सांगतो, आणि कुणी ऐकलं नाही तर रिपोर्ट परत फेकतो. पण तेव्हा मी फक्त रेघ पाहिली. बाजूला तुम्ही काय लिहिताय ते बघायला थांबलो नाही. जिंकलो होतो ना मी! संध्याकाळी काळेवाडीच्या आपल्या खोलीत जेवायला मात्र घरीच आलो. तुम्ही आईला म्हणालात, “त्याला आधी वाढ. आजपासनं पावणा हाय त्यो.” आई हसली. मी मान खाली घालून तीन भाकरी खाल्ल्या. पुढे किती तरी वर्षं मला वाटत राहिलं की ती रेघ तुम्ही रागानं मारलीत.

आता पोर. ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली, एप्रिलपासून नोकरीला आहे, तिच्या कंपनीनं तिला स्वतःचा विमा दिलाय. परवा मी घरी कंपनीला द्यायचा करसवलतीचा तक्ता भरत होतो आणि तिच्या नावापुढे ‘अवलंबित’ तसंच ठेवून पुढे सरकलो. मागून तिनं पाहिलं. “पप्पा, हे काय? तुम्हीच म्हणता ना, खोटी नोंद म्हणजे तपासणीत खराब जॉब पास करणं?” मी वळलो आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, “कमावतेस गं, पण जेवतेस कुठं?” ती म्हणाली, “म्हणजे आता पोळ्या मोजून टॅक्स ठरतो का?” बायको स्वयंपाकघरातून हसली. मी नाही हसलो. नियम मला पाठ होता, उत्तर मला माहीत होतं, आणि तरीही हात त्या नावाकडे जात नव्हता. लबाडी करून चार पैसे वाचवावेत, असं मनात नव्हतं. मला तो शब्द तिच्या नावापुढे हवा होता, एवढंच.

आज सकाळी कंपनीत लवकर गेलो आणि काढलं. संगणकावर खोडताच येत नाही, आप्पा. फुलीवर बोट ठेवलं की नाव नाहीसं होतं, खालची ओळ वर सरकते, तिथे कुणी होतं हे कळतसुद्धा नाही. म्हणून आधी जुन्या पानाची प्रिंट काढून घेतली. घरी आल्यावर तुमची पेटी उघडली. तुम्ही गेलात तेव्हा तिच्यातच त्या फॉर्मची कार्बन कॉपी मला सापडली होती. रेघेखाली माझं नाव स्वच्छ वाचता येतं, आणि बाजूला सही, तारीख, आणि कारणाच्या जागी, ‘मुलगा कमावता झाला.’ शेवटचा शब्द दोनदा गिरवलाय. तुम्ही, आप्पा, गिरवलंत!

मी तुमचीच पट्टी घेऊन पोरीच्या नावावर एक रेघ मारली. हा कागद कुणी मागणार नाही. हे पत्र त्यालाच टाचून पेटीत ठेवतोय, दुसरीकडे कुठे पाठवणार? सही केली, तारीख घातली. कारणाची जागा मात्र कोरीच राहिलीय, तासभर झाला. अशी अर्धी नोंद माझ्या माणसांपैकी कुणी आणली असती, तर मी परत फेकली असती.